गाडीतला रस्त्याचा आवाज: कानांवर काय परिणाम होतो आणि तो कमी कसा करावा?

रेडीहून आरोंदा, पेडणे, म्हापसा करत बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन परत यायचे, तर तीन-चार तास गाडीत जातात. सावंतवाडीला डॉक्टरांकडे जायचे असले तरी शिरोडा, आजगाव, मळेवाडच्या रस्त्यावर चांगला वेळ लागतो. मागच्या सीटवर आजोबा बसलेले असतात. पुढून मुलगा सांगतो, "बाबा, नवीन गोळी रात्री आठला घ्यायची." आजोबा मान डोलवतात. घरी पोहोचल्यावर कळते की त्यांनी "सातला" असे ऐकले होते, किंवा काहीच ऐकले नव्हते.

अशा वेळी घरचे म्हणतात, "ह्यांना आता ऐकू येत नाही." ते काही अंशी खरे असेल. पण चाकांचा घोंगावणारा आवाज, उघड्या काचेतून येणारा वारा आणि वर लावलेली गाणी यांत चांगल्या कानाच्या माणसालाही बोलणे नीट समजत नाही. हा आवाज कुठून येतो, त्याने शरीराला काय होते आणि कमी खर्चात तो कसा कमी करता येतो, हे या लेखात पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• काचा बंद असलेल्या, चांगल्या स्थितीतल्या कारमधल्या आवाजाने सहसा कान खराब होत नाहीत. तो आवाज झाकण्यासाठी वाढवलेले संगीत आणि तासन्‌तास उघड्या राहणाऱ्या काचा यांनी होऊ शकतात.
• ट्रक, डंपर आणि जुन्या गाड्या रोज चालवणाऱ्यांना धोका जास्त असतो.
• आवाज कमी करण्याची सुरुवात वेग, टायर आणि दारांच्या रबरापासून करा. महागडे साउंडप्रूफिंग सगळ्यात शेवटी.
• गाडीचा आवाज अचानक वाढला, तर तो दाबू नका. आधी गाडी तपासून घ्या.

हा आवाज येतो कुठून?

गाडी सावकाश असताना इंजिनचा आवाज जास्त जाणवतो. साधारण ताशी ४० किलोमीटरच्या पुढे, एकसारख्या वेगात, कारमध्ये टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचा आवाज इंजिनला मागे टाकतो. ताशी १०० च्या आसपास वाऱ्याचा आवाजही त्यात मिसळतो.

टायरचा आवाज आत दोन मार्गांनी येतो. एक हवेतून, म्हणजे काचा, दारांच्या फटी आणि पातळ पत्र्यातून. दुसरा गाडीच्या सांगाड्यातून. रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा टायरमधून सस्पेन्शनकडे आणि तिथून गाडीच्या तळाकडे जातो, आणि तळाचा पत्रा ढोलासारखा थरथरतो. आपल्याला ऐकू येणारी खोल घरघर बहुतेक या दुसऱ्या मार्गाने येते. म्हणूनच काचा बंद करूनही ती पूर्ण थांबत नाही.

रस्ता बदलला की आवाजही बदलतो. गुळगुळीत डांबरावर तो कमी असतो. खडी उघडी पडलेल्या जुन्या डांबरावर घरघर वाढते. काँक्रीटच्या रस्त्यावर आडव्या खाचा असतील, तर शिट्टीसारखा एकसुरी आवाज येतो. जांभ्याच्या कच्च्या रस्त्यावर खडे उडून चाकांवरच्या पत्र्यावर आपटतात.

किती आवाज म्हणजे जास्त?

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे मोजमाप साध्या बेरजेसारखे नसते. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो.

अंदाजासाठी हे आकडे लक्षात ठेवा. गाडी, रस्ता आणि वेग यांप्रमाणे ते बदलतात.

• शांत खोलीतले बोलणे, एक मीटरवरून: सुमारे ६० डेसिबल
• काचा बंद, चांगला रस्ता, ताशी ६० चा वेग: साधारण ६० ते ६५
• काचा बंद, ताशी १०० चा वेग: साधारण ७० च्या आसपास
• काचा उघड्या, ताशी ८०: ८० किंवा त्याहून जास्त होऊ शकतो
• जुन्या ट्रकची किंवा डंपरची केबिन: ८० ते ९०

रोज ८ तास ८५ डेसिबल ही कानांच्या दृष्टीने धोक्याची रेषा मानली जाते. त्यापुढे प्रत्येक ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मा होतो: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास. हाच हिशेब उलटाही चालतो. तुमच्या केबिनचा आवाज ३ डेसिबलने कमी झाला, तर कानांना दुप्पट वेळ मिळतो. म्हणून छोटा फरकही कमी लेखू नका.

संगीतासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. ९० डेसिबलला हा वेळ आठवड्याला फक्त ४ तासांवर येतो.

शरीरावर काय परिणाम होतात?

*१. बोलणे समजत नाही*

खोल घरघर तिच्याहून उंच स्वरांनाही झाकून टाकते. मराठीतली स, श, फ, त, क ही व्यंजने उंच स्वरांची आणि हलकी असतात. वयामुळे किंवा आवाजामुळे कान कमजोर होतो, तेव्हा हीच व्यंजने आधी हरवतात. मग "सात" आणि "हात" सारखेच ऐकू येतात. माणूस "ऐकू येते, पण कळत नाही" असे सांगतो. गाडीत समोरच्याचे तोंड दिसत नाही, त्यामुळे ओठांवरून अंदाज बांधण्याची सोयही जाते.

*२. थकवा आणि झोप*

एकसुरी, खोल आवाज आणि त्यासोबतची थरथर यांनी सुस्ती येते. ऐकण्यासाठी सतत ताण दिल्यानेही मेंदू थकतो. अर्धशिशी असणाऱ्यांना, कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांना, आवाजाने अस्वस्थ होणाऱ्या मुलांना आणि स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना हा प्रवास जास्त जड जातो.

*३. कानांची हानी*

आतल्या कानात ध्वनी टिपणाऱ्या नाजूक केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, आणि वर्षानुवर्षे तसेच चालले तर मरतात. मेलेल्या केसपेशी पुन्हा येत नाहीत. सुरुवातीची हानी बहुधा ४,००० हर्ट्‌झच्या आसपास दिसते. तिथे माणसाला रोजच्या बोलण्यात फारसा फरक जाणवत नाही, म्हणून ती कित्येक वर्षे लक्षात येत नाही. सोबत कानात सतत शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येऊ शकते.

डंपर आणि ट्रक चालवत असाल तर

रेडीत खाण आणि डंपर हे नवीन नाहीत. इथला प्रसिद्ध द्विभुज गणपतीही १९७६ साली खाणीतच सापडला. खनिज बंदरापर्यंत नेणाऱ्या गाड्यांवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्यासाठी हा भाग.

तुमच्या केबिनमध्ये इंजिन जवळ असते, काचा बहुधा उघड्या असतात आणि दिवस ८ तासांत संपत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ सालीच खाणींसाठी ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० डेसिबल ही धोक्याची मर्यादा ठरवली आहे. आवाजामुळे आलेली श्रवणहानी कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. त्यामुळे पुढील गोष्टी करा.

• रेडिओची चाचणी करा. सकाळी इंजिन बंद असताना रेडिओ इतका बारीक करा की बोलणे जेमतेम समजेल. तो आकडा लक्षात ठेवा. संध्याकाळी इंजिन बंद करून त्याच आकड्यावर ऐका. आता समजत नसेल, तर दिवसभरात तुमचे कान थकले आहेत. असे वरचेवर होत असेल, तर ती पुढच्या कायमच्या हानीची सूचना आहे.
• कामावर लागतानाच श्रवणचाचणी करून घ्या. या चाचणीला ऑडिओमेट्री म्हणतात. ती दुखत नाही. पुढे दरवर्षी करा आणि सगळे अहवाल एका फाइलमध्ये जपून ठेवा. पहिला अहवाल नसेल, तर हानी कामामुळे झाली हे दाखवणे कठीण जाते.
• दोन खेपांच्या मध्ये कानांना विश्रांती द्या. माल भरताना केबिनमध्ये बसून मोठ्याने गाणी लावू नका.
• खाणीच्या किंवा क्रशरच्या आवाजात खाली उतरताना तिथे दिलेले इअरप्लग किंवा इअरमफ घाला. रस्त्यावर गाडी चालवताना मात्र हॉर्न आणि रुग्णवाहिका ऐकू यायला हवी, त्यामुळे कान बंद करून किंवा इअरफोन लावून गाडी चालवू नका.

आवाज कमी कसा करावा?

*पहिली पायरी: खर्च नाही*

• वेग कमी करा. ताशी ८० वरून ६० वर आलात, तर टायरचा आवाज साधारण ३ ते ५ डेसिबलने उतरतो. एवढा फरक महागड्या सामानानेही सहज मिळत नाही.
• काचा बंद ठेवा. एसीमध्ये आतली हवा फिरवण्याचे बटण चालू असेल, तर मधूनमधून ते बंद करून बाहेरची ताजी हवा घ्या. गाडीत चार-पाच माणसे असताना हवा कोंदली की डोके जड होते आणि झोप येते.
• सुट्या वस्तू बांधा. डिकीतले नारळ, जॅक, सीटखालची बाटली, ढिली नंबरप्लेट यांची खडखड वेगळीच त्रास देते. छतावरचे कॅरियर गरज नसेल तेव्हा काढून ठेवा.
• गाणी आधी लावून मग आवाज वाढवत नेऊ नका. गाडी उभी असताना जो आवाज पुरेसा वाटतो, त्याच्या फार वर जाऊ नका.

*दुसरी पायरी: गॅरेजमध्ये थोडा खर्च*

• हवेचा दाब तपासा. योग्य आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. हवा जास्त असेल तर टायर कडक होतो आणि आवाज वाढतो. पण आवाज कमी व्हावा म्हणून हवा ठरलेल्या आकड्याच्या खाली उतरवू नका. टायर तापून फुटू शकतो.
• टायरवर तळहात फिरवा. गाडी उभी आणि टायर थंड असताना पुढून मागे आणि मागून पुढे हात फिरवा. एका दिशेने करवतीसारखे खरखरीत लागले, तर झीज एकसारखी नाही. व्हील अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या.
• टायरचे वय पाहा. टायरच्या बाजूला कोरलेल्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असते. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. जुन्या टायरचे रबर कडक होते, आवाज वाढतो आणि पावसात पकडही कमी होते.
• दारांचे रबर बदला. उन्हाने आणि खाऱ्या हवेने दारांची बीडिंग कडक होते. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती सहज सुटली, तर तिथून हवा आणि आवाज दोन्ही येत आहेत.
• चाकांवरचे प्लॅस्टिकचे लाइनर तुटले असतील तर बसवून घ्या. खड्यांचा आवाज बराच थांबतो, आणि पत्राही गंजण्यापासून वाचतो.

नवे टायर घ्यायचे असतील, तर जाड ठोकळ्यांची नक्षी असलेले चिखलाचे टायर रोजच्या डांबरी प्रवासासाठी घेऊ नका. ते जास्त आवाज करतात.

*तिसरी पायरी: साउंडप्रूफिंग*

वरचे सगळे करूनही त्रास असेल, तर दारांच्या आणि तळाच्या पत्र्यावर डॅम्पिंग शीट लावता येते. ही चिकट, जड शीट पत्र्याची थरथर कमी करते. सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर लावली तरी बराच फायदा होतो. आधी पुढची दोन दारे करून पाहा, फरक जाणवला तरच पुढे जा. दारात आणि खांबांत एअरबॅगच्या वायरी आणि सेन्सर असतात, म्हणून हे काम माहितगार माणसाकडूनच करून घ्या.

कोकणात ही काळजी जरूर घ्या

आपल्याकडे चार महिने पाऊस आणि बारा महिने दमट हवा. गालिच्याखाली स्पंजसारखा साधा फोम किंवा नमदा घातला, तर तो पाणी शोषतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. त्यावर बुरशी येते. दमा, ॲलर्जी किंवा सायनसचा त्रास असणाऱ्याला गाडीत बसले की शिंका, खोकला, धाप सुरू होते, आणि कारण कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून पाणी न शोषणारा फोम निवडा. दाराच्या तळाशी पाणी जायची छिद्रे असतात, ती शीटने बुजवू नका.

स्वस्त डांबरी शीट उन्हात तापल्यावर वास सोडते. त्याने डोकेदुखी आणि मळमळ होऊ शकते. काम झाल्यावर काही दिवस गाडीची दारे उघडी ठेवून वास जाऊ द्या. तोवर तान्ह्या बाळाला, गरोदर स्त्रीला किंवा दम्याच्या रुग्णाला त्या गाडीने नेऊ नका.

आवाज अचानक वाढला तर

• फटफट किंवा मोठा घुमणारा आवाज: सायलेन्सर किंवा त्याचा पाइप फुटला असेल. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू गाडीत शिरू शकतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. गाडीतल्या दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले, गुंगी आली, तर ती गाडी लागणे समजू नका. गाडी थांबवा, सगळ्यांना बाहेर मोकळ्या हवेत काढा आणि कोणी बेशुद्ध किंवा गोंधळलेले असेल तर १०८ ला फोन करा.
• वेगासोबत वाढणारी आणि वळणावर बदलणारी घरघर: चाकाचे बेअरिंग गेले असू शकते. पुढचा लांबचा प्रवास टाळा.
• ठराविक तालात ठकठक: टायरला फुगवटा आला आहे का किंवा खिळा रुतला आहे का, ते पाहा.

रुग्णाला घेऊन जाताना

• ऐकायला कमी येणाऱ्याला पुढे, चालकाच्या शेजारी बसवा. एक कान चांगला असेल, तर तो कान बोलणाऱ्याच्या बाजूला येईल अशी जागा द्या. तसे करताना सीटबेल्ट विसरू नका.
• गोळ्यांच्या वेळा, पुढची तारीख, पथ्य यांसारख्या महत्त्वाच्या गोष्टी गाडी थांबवून सांगा किंवा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्या. "कळले का?" असे विचारू नका. "कधी घ्यायची गोळी?" असे विचारा आणि त्यांच्या तोंडून उत्तर ऐका.
• श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते गाडीत बंद करू नये. यंत्रात गाडीसाठी वेगळी सेटिंग करता येते का, हे ऑडिओलॉजिस्टला विचारा. अनेक यंत्रे समोरचा आवाज जास्त पकडतात, त्यामुळे मागून बोललेले त्यांना आणखी कमी ऐकू येते.
• अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या प्रवाशाने फोमचे इअरप्लग घातले तर चालते. चालकाने नाही.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

*त्याच दिवशी:*
• एका किंवा दोन्ही कानांनी अचानक, काही तासांत किंवा तीन दिवसांच्या आत ऐकू येणे कमी झाले. "मळ साचला असेल" म्हणून थांबू नका. औषध जितके लवकर सुरू होईल, तितकी ऐकू येणे परत येण्याची शक्यता जास्त.
• ऐकू कमी येण्यासोबत तोंड वाकडे झाले, तोल जाऊ लागला किंवा बोलणे अडखळले.

*येत्या काही दिवसांत:*
• कानात शिट्टी किंवा गुणगुण एक आठवड्याहून जास्त टिकली.
• घरचे सारखे म्हणतात की टीव्ही फार मोठ्याने लावता.
• गर्दीत बोलणे समजत नाही, किंवा फोन नेहमी एकाच कानाला लावावा लागतो.
• कानातून पाणी किंवा पू येतो.

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत कानतपासणी आणि श्रवणचाचणीची सोय करणे अपेक्षित आहे. जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीला कान-नाक-घसा विभागात चौकशी करा. श्रवणयंत्राचा खर्च झेपणार नसेल, तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेबद्दलही तिथेच विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मोबाइलवरच्या ॲपने आवाज मोजता येतो का?
अचूक आकडा मिळत नाही. पण एकच फोन, एकच रस्ता, एकच वेग ठेवून टायर बदलण्याआधी आणि नंतर मोजले, तर फरक पडला की नाही ते कळते. मोजण्याचे काम शेजारी बसलेल्याने करावे.

मला या आवाजाची सवय झाली आहे. मग चिंता कशाला?
मेंदूला सवय होते, आतल्या कानातल्या केसपेशींना होत नाही. उलट आवाज पूर्वीइतका त्रास देत नसेल, तर ऐकू येणे कमी झाल्याचीही ती खूण असू शकते. एकदा चाचणी करून घ्या.

गेलेले ऐकू येणे परत येते का?
मळ, संसर्ग किंवा पडद्याचे छिद्र यांमुळे कमी झाले असेल, तर उपचार होतात. आवाजाने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तिथे श्रवणयंत्राने मदत होते, आणि उरलेले ऐकणे सांभाळता येते.

पुढच्या खेपेला बांबोळीला किंवा सावंतवाडीला निघण्याआधी टायरची हवा तपासा, डिकीतले सुटे सामान बांधा आणि आजोबांना पुढच्या सीटवर बसवा. एवढे करूनही त्यांना तुमचे बोलणे समजत नसेल, तर त्यांच्या कानांची तपासणी लांबवू नका.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारीसाठी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*